माडाचे कोवळे पान करपते तेव्हा
कारण ओळखण्याची रीत व त्यावरील उपाय

कोकणच्या किनारपट्टीत मृगाचा पाऊस पडून गेला, आर्द्रा सरली आणि आकाश आठ-आठ दिवस उघडेनासे झाले, की नारळीच्या वाडीतून एक तक्रार हमखास ऐकू येते. बाकीचा माड हिरवागार असतो, पेंडीला नारळ लोंबत असतात, परंतु शेंड्याच्या अगदी मध्यभागी जे कोवळे पान भाल्यासारखे उभे असावयाचे, ते फिकट, मग तपकिरी दिसू लागते आणि एके दिवशी मान टाकते. बागाईतदार ते पाहतो, खत कमी पडले असेल असे समजून बुंध्याशी एक घमेले खत टाकतो आणि पाऊस उघडण्याची वाट पाहतो. पाऊस उघडेपर्यंत पुष्कळदा तो माड हातचा गेलेला असतो.

अशा प्रसंगी शेतकऱ्याचा हेतू चांगला असतो. चूक होते ती निदानात. कोवळे पान तपकिरी पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. एका कारणावर कोयता चालवावा लागतो, दुसऱ्यावर उकिरडा उपसावा लागतो, तिसऱ्यावर मूठभर टाकणखार पुरतो. म्हणून उपायापूर्वी कारण ओळखणे अगत्याचे आहे. हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यास आणि स्वतः शेतकऱ्यास कोणत्याही यंत्राशिवाय, डोळे, नाक, कान आणि हात यांच्या साहाय्याने करता येते.

माडाचा जीव कोठे असतो?

आंबा किंवा फणस यांची एक फांदी मेली तरी झाड मरत नाही, कारण त्यांना वाढीचे डोळे ठिकठिकाणी असतात. माडाचे तसे नाही. माड, पोफळ, ताड या वर्गातील झाडांना सामान्यतः एकच कोंब असतो. तो शेंड्याच्या आत, झावळ्यांच्या देठांनी चोहोबाजूंनी वेढलेला, पांढरा शुभ्र आणि मऊ असतो. माडाची सर्व पाने आणि सर्व पोयी तेथेच जन्म घेतात. तो कोंब मेला की माडाला नवे पान फुटत नाही, आणि ज्याला नवे पान फुटत नाही तो माड जुन्या पानांच्या आधारावर काही महिने उभा राहून अखेर मरतो.

निरोगी, वयात आलेला माड वर्षाला सुमारे 12 ते 14 झावळ्या टाकतो. म्हणजे साधारण महिन्याला एक नवे पान उमलते व तितकेच जुने पान खालून गळते. खालचे पान पिवळे पडून, तपकिरी होऊन गळणे हा निसर्गक्रम आहे. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु मधले, अद्याप न उमललेले, सुरळीसारखे गुंडाळलेले पान तपकिरी पडणे ही मात्र धोक्याची खूण आहे. या पानास या लेखात सुरळीचे पान म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. सुरळीचे पान बाहेर दिसू लागण्यापूर्वी पुष्कळ महिने ते कोंबाच्या आत वाढत असते. त्यामुळे आज उमललेल्या पानावर जी इजा दिसते ती आज झालेली नसते. पान गुंडाळलेले असताना, आठवड्यांपूर्वी वा महिन्यांपूर्वी झालेली असते. उमललेल्या पानाला औषध लावून ती इजा भरून येत नाही. उपाय करावयाचा तो पुढील पानासाठी.

प्रथम विचारावयाचा प्रश्न

माडाजवळ जाताच पहिला प्रश्न विचारावा तो हा: रंग प्रथम कोणत्या पानाचा पालटला, जुन्या की नव्या? या एका प्रश्नाने निम्मे निदान होते.

खालच्या, जुन्या पानांची टोके व कडा पिवळ्या पडून करपत वर चढत असतील, तर बहुधा पालाशाची उणीव, पाण्याचा ताण किंवा मुळांची दुरवस्था यांचा विचार करावा. पालाश हा माडाच्या अंगात हालता राहणारा अंश आहे. तो कमी पडला की माड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतो, म्हणून जुने पान प्रथम करपते. जुन्या झावळ्यांच्या खालच्या अंगास जाळी व विष्ठेचे बोगदे दिसल्यास ती काळ्या डोक्याच्या अळीची खूण होय. झावळ्यांवर काजळीसारखा काळा थर दिसल्यास रुगोज या सर्पिलाकार अंडी घालणाऱ्या पांढऱ्या माशीचा संशय घ्यावा. ही माशी भारतात प्रथम 2016 साली आढळली. बुंध्याजवळच्या खोडातून तांबूस रस पाझरत असेल आणि बाहेरच्या झावळ्या खाली लोंबत असतील, तर दोष मुळांत व खोडात आहे. या सर्व प्रकारांत सुरळीचे पान आरंभी निरोगी असते.

याउलट, जुन्या झावळ्या हिरव्या आणि मधले पानच रोगट, अशी स्थिती असेल, तर दोष कोंबात किंवा कोंबाच्या निकट आहे असे समजावे. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

कोंब कुजणे

दमट हवेच्या प्रदेशातील हा सर्वात घातक रोग होय. तो फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात या रोगाने ताडांचा मोठा नाश केला. तेथे या रोगाचा अभ्यास करून एडविन बटलर या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी 1907 साली या बुरशीचे वर्णन केले.

या बुरशीला पाणी आवडते. तिची बीजुके पाण्यात पोहू शकतात. पावसाचे थेंब, वाऱ्याने उडणारे तुषार आणि झावळ्यांच्या बेचक्यात साठलेले पाणी यांच्या साहाय्याने ती कोंबापर्यंत पोहोचते. संततधार पाऊस, थंडावलेली हवा आणि दिवसरात्र ओलावा अशी स्थिती आषाढ-श्रावणात असते, तेव्हा रोग बळावतो. रोग कोणत्याही वयाच्या माडास होऊ शकतो, तथापि कोवळ्या वयाचे माड त्यास अधिक लवकर बळी पडतात. दाट लागवडीत, पाणी तुंबणाऱ्या सखल वाडीत आणि वारा न खेळणाऱ्या जागेत तो अधिक आढळतो.

रोगाची लक्षणे क्रमाने अशी दिसतात. प्रथम सुरळीच्या पानाचे तेज जाते. ते फिकट, मग करडे व तपकिरी होते. पुढे ते वाकते किंवा मधूनच मोडून लोंबते. पानाच्या तळाशी, जेथे ते कोंबातून बाहेर येते तेथे, मऊ व ओलसर कूज लागलेली असते आणि तिला सडक्या मांसासारखी दुर्गंधी येते. त्यानंतर लगतची कोवळी पाने एकामागून एक पिवळी पडून गळतात. बाहेरच्या जुन्या झावळ्या मात्र कित्येक महिने हिरव्या राहतात आणि असलेले नारळही पक्व होतात. या हिरवेपणामुळेच शेतकरी फसतो.

निदानाची खात्री करण्याची रीत सोपी आहे. सुरळीचे पान हातात धरून हलकेच वर ओढावे. निरोगी माडाचे पान हाताला दाद देत नाही. कोंब कुजलेल्या माडाचे पान सहज उपटून हाती येते. त्याचा तळ तपकिरी, चिकट व दुर्गंधियुक्त असतो. पान हाती आले आणि वास आला, की संशय उरत नाही. त्या दिवसापासून विलंब करू नये.

गेंड्या भुंग्याचा उपद्रव

प्रत्येक तपकिरी पान म्हणजे कूज नव्हे. वाडीत सर्वाधिक वेळा आढळणारे कारण म्हणजे गेंड्या भुंगा. हा काळा, दणकट, सुमारे दीड-दोन इंच लांबीचा भुंगा असून डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असते. नराचे शिंग अधिक मोठे असते. तो रात्री उडतो, झावळीच्या बेचक्यातून आत शिरतो आणि न उमललेले पान पोखरून त्यातील रस चोखतो. पान गुंडाळलेले असताना त्याने पाडलेले एक भोक पुष्कळ घड्यांतून आरपार जाते. म्हणून पान उमलले की त्याच्या पात्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या, पंख्याच्या किंवा त्रिकोणाच्या आकारात दिसतात. कापलेल्या कडा सुकून तपकिरी पडतात आणि दुरून पाहणाऱ्यास पान करपले असे वाटते.

जवळून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. भुंग्याच्या भोकाच्या तोंडाशी चघळलेला, लाकडाच्या भुशासारखा चोथा साठलेला असतो. दुर्गंधी नसते. सुरळीचे पान ओढल्यास घट्ट असते. कापाला नेमका आकार असतो. कुजीला आकार नसतो.

मोठ्या माडास एकदोन भुंग्यांनी मरण येत नाही. परंतु चारपाच वर्षांच्या रोपाचा कोंबच पोखरला गेला तर ते दगावते. याहून मोठा धोका असा की भुंग्याने केलेल्या जखमेतून कोंब कुजण्याचा रोग आत शिरतो आणि जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा आकर्षित होतो. गेंड्या भुंगा हा बहुधा एकटा येत नाही. मागून येणाऱ्यांसाठी तो दार उघडे ठेवतो.

सोंड्या भुंगा

सोंड्या भुंगा तांबूस रंगाचा असून त्यास लांब सोंड असते. प्रत्यक्ष नुकसान त्याच्या पाय नसलेल्या, पांढुरक्या अळ्या करतात. मादी खोडावरील किंवा शेंड्यातील जखमेत अंडी घालते. अळ्या खोडाचा गाभा खात आत राहतात. बाहेर फारसे दिसत नाही, म्हणून हा शत्रू ओळखण्यास अवघड आहे. 5 ते 20 वर्षे वयाचे माड त्यास अधिक बळी पडतात.

खोडावर लहान भोके, त्यातून पाझरणारा तपकिरी चिकट द्रव आणि बाहेर आलेला चघळलेला तंतुमय चोथा ही त्याची चिन्हे होत. आतील झावळ्या पिवळ्या पडून मलूल होतात. शांत वेळी खोडास कान लावल्यास अळ्या कुरतडत असल्याचा आवाज ऐकू येतो. शेंडा एकाएकी कलंडला तर आतील भाग पोखरून संपलेला असतो. त्यावर उपाय उरत नाही.

बोरॉनची उणीव

नवे पान बिघडण्याचे आणखी एक कारण किडीचे नाही, रोगाचेही नाही. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य झाडाच्या अंगात सहज हालत नाही. जुन्या पानातील बोरॉन नव्या पानाला मिळत नाही, म्हणून उणीव प्रथम नव्या पानात दिसते. जोरदार पावसाने धुपलेल्या, निचरून गेलेल्या जांभ्या व वालुकामय जमिनीत ही उणीव संभवते.

येथे पान कुजत नाही, तर वेडेवाकडे होते. पात्यांची टोके एकमेकांस चिकटून राहतात व पान पुरते उघडत नाही. पात्या आखूड, चुरगळलेल्या, ठिसूळ होतात. टोके आकड्यासारखी वळतात व तपकिरी होऊन सुकतात. एकामागून एक येणारे प्रत्येक पान अधिक लहान येते. दुर्गंधी नाही, भोक नाही, चोथा नाही आणि पान ओढल्यास घट्ट, ही खूण लक्षात ठेवावी. हा बिगाड सावकाश, काही महिन्यांच्या अवधीत वाढतो. कोंब कुजणे मात्र थोड्या आठवड्यांत उरकते.

रोपे आणि वीज

नव्याने लावलेल्या रोपांत मधले पान सुकण्याची दोन वेगळी कारणे असतात. पहिले वाळवी. ती जमिनीतून नारळास व बुंध्यास लागते आणि मधला कोंब कोमेजतो. रोपाच्या बुडाशी मातीचे थर व पोखरलेला भाग दिसला की ओळख पटते. दुसरे कारण शेतकऱ्याच्या हातचे असते. रोप खोल लावले गेले आणि पावसात खड्ड्याच्या कडा ढासळून रोपाच्या मानेवर, पानांच्या बेचक्यात माती साचली, की कोंबाशी ओल कोंडून तो कुजतो. अशा रोपाच्या मानेजवळील माती वेळोवेळी दूर करणे आणि खड्ड्यातील पाण्यास वाट करून देणे हाच उपाय.

वीज पडल्यानेही शेंडा करपतो. परंतु तेथे बदल एकाएकी होतो, सर्व झावळ्या एकाच वेळी लोंबतात आणि पुष्कळदा जवळजवळचे अनेक माड एकदम बाधित होतात. गावात त्या रात्रीच्या गडगडाटाची आठवण असतेच. ती विचारून घ्यावी.

निदानाचा क्रम

कार्यकर्त्याने वाडीत गेल्यावर पुढील क्रमाने पाहणी करावी.

1. खालून माड निरखावा. जुनी पाने रोगट की नवे पान? एकच माड की अनेक?
2. मालकास विचारावे: बदल केव्हा दिसला? एका रात्रीत, काही आठवड्यांत की काही महिन्यांत?
3. खोडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भोके, द्रव व चोथा शोधावा. खोडास कान लावावा.
4. पाऊस उघडलेला असताना, अनुभवी पाडेल्याकडून शेंडा तपासून घ्यावा. ओल्या खोडावर घाईने चढविणे धोक्याचे आहे. एका माडासाठी माणसाचा जीव पणाला लावू नये.
5. सुरळीचे पान हलकेच ओढावे. सहज आले व दुर्गंधी आली तर कोंब कुजणे. घट्ट असून भोक व चोथा असेल तर गेंड्या भुंगा. घट्ट असून पान चुरगळलेले, आखूड असेल तर बोरॉनची उणीव.
6. एक कारण सापडले म्हणून थांबू नये. भोकही आहे आणि कूजही आहे, असे असल्यास दोहोंवर उपाय करावा.

उदाहरणार्थ, एका वाडीत शेजारी शेजारी दोन माड असून दोघांचेही मधले पान तपकिरी आहे असे समजा. दुरून दोन्ही सारखे दिसतात. पहिल्याचे पान त्रिकोणी कापलेले आहे, देठाशी चोथा आहे, ओढल्यास पान हलत नाही. दुसऱ्याचे पान नुसते वाकलेले आहे आणि पाडेल्याच्या हातात ते अलगद येते. पहिल्या माडास आकडी व उकिरड्याची साफसफाई पुरेशी आहे. दुसऱ्यास त्याच दिवशी कोयता लावावा लागेल. दोन्ही माडांस खत घालणारा शेतकरी पहिल्याचा फारसा फायदा करीत नाही आणि दुसरा गमावतो.

कुजलेल्या कोंबावर उपचार

रोग आरंभीच ओळखला तर माड वाचू शकतो. धारदार, स्वच्छ कोयत्याने शेंड्यातील कुजलेला भाग कापून काढावा. तपकिरी भाग संपून पांढरा, निरोगी भाग दिसेपर्यंत कापावे. कुजका तुकडा मागे राहिल्यास सारा श्रम व्यर्थ जातो. परंतु आतील कोंबाचा पांढरा गाभा सुरक्षित राहील अशी दक्षता घ्यावी. कापलेल्या जागेवर बोर्डो मलम जाड लावावे. मग पावसाने मलम धुऊन जाऊ नये म्हणून शेंड्यावर मडके पालथे घालावे किंवा प्लास्टिकचा कागद सैल बांधावा. नवा कोंब वर येऊ लागेपर्यंत हे आच्छादन ठेवावे. कापलेला सर्व भाग खाली टाकून न देता गोळा करून जाळावा. वापरलेला कोयता धुऊन पुसून मगच दुसऱ्या माडास लावावा.

बोर्डो मलम घरी करता येते. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवून अर्धा लिटर निवळी करून गाळून घ्यावी. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतीत काठीने ढवळावे. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असावीत. लोखंडाचे भांडे वापरू नये.

फवारणीचे एक टक्का बोर्डो मिश्रण करावयाचे तर तेच 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना 10 लिटर पाण्यात करावा, म्हणजे प्रत्येकी 5 लिटर पाण्यात करून मग एकत्र करावे. सामान तेच, एक लिटरात मलम, दहा लिटरांत फवारणी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासून लखलखीत केलेला विळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अधिक आहे. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी आणखी घालावी. तसे न केल्यास कोवळी पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. शिळे मिश्रण निरुपयोगी असते.

रोगट माडाच्या सभोवारच्या सर्व माडांच्या शेंड्यांवर हे मिश्रण फवारावे. जेथे रोग दरवर्षी येतो तेथे पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर सुमारे चाळीस दिवसांनी उघडीप पाहून पुन्हा फवारणी करावी. पावसात फवारणी अशक्य होते, म्हणून 2 ग्रॅम मॅन्कोझेब भरलेल्या, भोके पाडलेल्या लहान प्लास्टिकच्या पुड्या सुरळीलगतच्या बेचक्यात बांधण्याचीही रीत आहे. पाऊस पडला की औषध थोडे थोडे कोंबाकडे झिरपते.

मेलेला माड उभा ठेवू नये

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. कोंब पूर्ण कुजलेल्या माडावर नारळ असतात, झावळ्या हिरव्या असतात. वडिलांनी लावलेला माड तोडण्यास मन धजत नाही. पेंडी उतरेपर्यंत राहू द्यावा असे वाटते. परंतु तो माड जगणार नाही आणि उभा आहे तोवर त्याच्या कुजक्या शेंड्यातून प्रत्येक सरीबरोबर रोग शेजारच्या माडांवर, कदाचित शेजाऱ्याच्या वाडीत उतरत राहील. त्याच्या सडलेल्या गाभ्याकडे सोंड्या भुंगाही धावेल. एका माडाच्या दोन पेंडींसाठी दहा माड पणाला लावणे शहाणपणाचे नाही. तयार नारळ उतरवून घ्यावेत, शेंडा कापून जाळावा आणि खोड वाडीत पडू देऊ नये. पडलेले खोड सडले की त्यात गेंड्या भुंग्याची पैदास होते. कार्यकर्त्याने ही गोष्ट मालकास सबुरीने, माड प्रत्यक्ष दाखवून समजावून द्यावी. उपटून आलेले पान त्याच्या हाती दिले, की अधिक बोलावे लागत नाही.

भुंग्यांचा बंदोबस्त

गेंड्या भुंगा माडावर खातो, परंतु जन्म घेतो उकिरड्यात. त्याच्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात, कुजक्या पाल्यात व सडक्या खोडात वाढतात. म्हणून खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचून माराव्यात. कोंबड्याही हे काम आनंदाने करतात. खड्ड्यात मेटारायझियम या हिरव्या बुरशीचे संवर्धन मिसळल्यास अळ्या रोगाने मरतात. माडावरील भोकात तारेची आकडी घालून भुंगा बाहेर ओढून मारावा. सुरळीलगतच्या दोन-तीन बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून त्यावर वाळू टाकावी आणि सुमारे दीड महिन्याने पुन्हा ठेवाव्यात. किंवा 250 ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून बेचक्यांत भरावी.

सोंड्या भुंग्याविरुद्ध मुख्य उपाय म्हणजे जखम न करणे. चढण्यासाठी खोडावर खाचा पाडू नयेत. हिरवी झावळी तोडावयाचीच झाल्यास खोडास लागून न तोडता सुमारे मीटरभर देठ राखून तोडावी. झालेली जखम डांबराने किंवा बोर्डो मलमाने झाकावी. भुंगे पकडण्यासाठी मिळणारे गंध-सापळे हेक्टरी एक याप्रमाणे, शक्य तो सर्व गावाने मिळून लावावेत.

पूर्वीच्या पुस्तिकांत या किडींसाठी बी.एच.सी., कार्बारिल, फोरेट अशी औषधे सांगितलेली आढळतात. बी.एच.सी.वर 1997 साली व कार्बारिलवर 2018 साली बंदी आली. फोरेटचा वापर 2020 च्या अखेरीस बंद झाला. घरात जुनी डबी शिल्लक असली तरी ती वापरू नये. अन्य औषधाची गरज भासल्यास तालुका कृषी कार्यालयात विचारून, वेष्टनावरील सूचना वाचूनच वापरावे.

बोरॉनची उणीव असल्यास आळ्यात 50 ग्रॅम टाकणखार पसरून मातीत मिसळावा व पाणी द्यावे. बोरॉन अधिक झाल्यास तेही विषासारखे बाधते. म्हणून मनाने मात्रा वाढवू नये. पुन्हा देण्यापूर्वी माती वा पान तपासून सल्ला घ्यावा. बिघडलेले पान सुधारत नाही. पुढील पाने सरळ येऊ लागली की उपाय लागू पडला असे समजावे.

वर्षभराची काळजी

वैशाखात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयी व बेचक्यातील कचरा काढून शेंडा स्वच्छ करावा. वाडीतील चर उपसून पाण्यास वाट मोकळी करावी. नवी लागवड सुमारे साडेसात मीटर अंतराने करावी, म्हणजे वारा व ऊन शेंड्यांत खेळते. शिफारशीप्रमाणे खत, विशेषतः पालाश, नियमाने द्यावे. कोंबाच्या कुजीवर खत हे औषध नसले तरी सशक्त माड इजेतून लवकर सावरतो. पोफळीच्या बागेतही अशाच जातीची बुरशी कोळेरोग आणते; म्हणून माड व पोफळी एकत्र असलेल्या बागेत फवारणी दोहोंची करावी.

पावसाळ्यात दर आठवड्यास, उघडीप मिळताच, वाडीतून एक फेरी मारून प्रत्येक माडाच्या शेंड्याकडे मान वर करून पाहावे. याला खर्च नाही. सुरळीचे पान ताठ, सतेज व हिरवे असेल तर माड सुखरूप आहे. ते फिकट दिसू लागले तर वाट पाहण्याचे दिवस संपले असे समजून पाडेल्यास बोलवावे. ज्या झाडाला एकच कोंब आहे, त्याच्या राखणीत एका आठवड्याची हयगयदेखील महाग पडते.